गिळवत नाही गं

आमच्या आईला जेवताना कोणी नीट बघितलंच नव्हतं, हे मला सगळ्यात आधी लिहायचंय. म्हणजे ती असायची समोरच, वाढायची, तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची, "अजून घे की" म्हणून मागे लागायची, पण स्वतः जेवायची ती सगळ्यांचं उरकल्यावर, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच. बार्शीच्या आमच्या घरात हे असंच चालत आलंय आणि त्यात कोणाला कधी काही वावगं वाटलं नाही. त्यामुळे ती प्रत्येक घासामागे दोन घोट पाणी पिते, मधेच थांबते, दोन्ही हात डोक्यावर नेऊन छाती ताणते आणि मग कुठे तो घास खाली उतरतो, हे किती महिन्यांपासून चाललंय ते घरात एकालाही सांगता आलं नाही. वहिनीने एका दुपारी सहज म्हणून आत डोकावलं तेव्हा तिला दिसलं. तिचा मला पुण्याला फोन आला, "ताई, आई जेवताना हात वर करून उभ्या राहतात, मला बघून कसंतरीच झालं."

मी आईला विचारलं तर, "काही नाही गं, पित्त वाढलंय. कधीकधी घास गिळवत नाही एवढंच."

पित्त! या एका शब्दात आमची साडेतीन वर्षं गेली. पहिल्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची अॅसिडिटीची गोळी दिली, ती दीड वर्ष चालली. मग रात्री झोपेत खोकला यायला लागला, उशी ओली व्हायची, तोंडात न पचलेलं अन्न यायचं, तर दुसरीकडे त्याला दमा म्हणाले आणि पंप सुरू झाला. तिसऱ्या ठिकाणी तर सरळ सांगितलं की या वयात बायकांना घशात गोळा आल्यासारखं वाटतं, टेन्शन घेऊ नका. एकदा दुर्बीण पण झाली होती, रिपोर्टवर जठराला सूज एवढंच लिहिलेलं. आईचं वजन ५८ वरून ४४ वर आलं, ब्लाउज दोनदा आत घेतले, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की उपास फार करते म्हणून वाळलीय.

पुण्यातल्या पोटाच्या डॉक्टरांनी मात्र फाइल बाजूला ठेवली आणि आईला दोनच गोष्टी विचारल्या. "भाकरी अडकते, पण पाणी? पाणी पण अडकतं का?" आई म्हणाली हो, कधीकधी पाणी पण छातीशी थांबतं. "आणि हे अगदी सुरुवातीपासून, की आधी भाकरी आणि नंतर पाणी?" आई म्हणाली दोन्ही बरोबरच सुरू झालं. तेवढ्यावर त्यांचा चेहरा बदलला. नंतर त्यांनी मला समजावलं, अन्ननलिकेत गाठ वाढत असेल तर आधी घट्ट अन्न अडकतं, मग मऊ भात, आणि अगदी शेवटी पाणी. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासून अडकत असेल तर नळीत काही अडथळा नसून नळीचं काम बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त. हे वाक्य मी तेव्हाच मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. कोणीतरी हा प्रश्न साडेतीन वर्षांपूर्वी विचारला असता तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. (अर्थात गाठ आहे की नाही ते दुर्बीण घालूनच ठरतं, त्यामुळे गिळायला त्रास होत असेल तर घरबसल्या यावरून निकाल काढू नका, आधी दाखवा.)

परत दुर्बीण झाली, पण यावेळी आधी दोन दिवस फक्त पातळ आहार, ताक, गाळलेलं सूप, नारळपाणी. तरीसुद्धा आत फेसाळ लाळ आणि आदल्या कधीच्या तरी जेवणाचे कण साठलेले होते, नळी रुंद झालेली आणि खालची झडप घट्ट मिटलेली. ज्या रोगाचं नाव निघालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, अॅकलेशिया. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. अन्ननलिकेच्या भिंतीत ज्या बारीक नसा असतात त्या हळूहळू मरतात, मग नळी वरून खाली घास ढकलायची विसरते आणि जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती घास आला तरी उघडत नाही. आई पाणी पीत होती ते म्हणूनच, वर पाण्याचा इतका भार झाला की त्या वजनाने झडप जराशी फटकन उघडायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने स्वतःच शोधून काढलं होतं.

पहिल्या दुर्बिणीत हे का नाही दिसलं म्हणून मी बरीच चिडले होते, पण डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवातीच्या काळात या रोगात दुर्बिणीतून बऱ्याच जणांची नळी वरवर ठीकच दिसते, स्कोप पुढे नेताना झडपेपाशी थोडा जोर लावावा लागला एवढाच काय तो पुरावा असतो, आणि तोही हाताला जाणवतो, फोटोत येत नाही. म्हणून मग दोन तपासण्या अजून. बेरियमचा एक्सरे, ज्यात ते पांढरं खडूसारखं पाणी पाजतात. फोटोत वर फुगलेली आणि खाली एकदम निमुळती होत गेलेली नळी. डॉक्टरलोक याला पक्ष्याची चोच म्हणतात, मला ती पाला वर आणि टोक खाली धरलेल्या मुळ्यासारखी दिसली.

आणि मॅनोमेट्री. ही तपासणी बघताना मला खरं कळलं की आईच्या आत काय चाललंय. नाकातून एक बारीक नळी घालतात, तिच्यावर थोड्याथोड्या अंतरावर दाब मोजणारे सेन्सर असतात. आईला आडवं झोपवलं होतं, टेक्निशियन मॅडम सिरिंजने तोंडात बरोब्बर ५ मिली पाणी सोडायच्या आणि म्हणायच्या, "आता गिळा आजी." असं दहा वेळा. समोर स्क्रीनवर रंग उमटत होते, कमी दाब तिथे निळा, जास्त तिथे पिवळा, मग लाल. मॅडमनी आधी मला दुसऱ्या कोणाचातरी नॉर्मल फोटो दाखवला, त्यात रंगाचा एक पट्टा वरून खाली तिरका उतरत जातो, जसं कोणी पिशवीवरून हात फिरवत तूप खाली ढकलावं तसं. आईच्या स्क्रीनवर तो तिरका पट्टा नव्हताच. ती गिळायची आणि वरपासून खालपर्यंत सगळी नळी एकदम एकाच वेळी हिरवी-पिवळी व्हायची, उभी भिंत उभी राहिल्यासारखी, आणि खाली झडपेची लाल रेघ जशीच्या तशी, दहाच्या दहा वेळा. पिशवीचं तोंड बांधून वरून दाबल्यावर काय होतं, तेच. याला दुसरा प्रकार म्हणतात आणि तिन्ही प्रकारांत उपचाराला सगळ्यात चांगला प्रतिसाद देणारा हाच, हे ऐकून मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

आता उपचार. या रोगाचं वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने १६७४ मध्येच करून ठेवलंय आणि त्याने काय केलं होतं तर व्हेल माशाच्या हाडाच्या काडीला टोकाशी स्पंज बांधून दिला, पेशंट प्रत्येक जेवणात ती काडी घशातून घालून अन्न जठरात ढकलायचा, वर्षानुवर्षं. हे वाचलं तेव्हा मला आईचे ते वर केलेले हात आठवले. १९१३ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट हेलरने मोठी चीर देऊन झडपेचा स्नायू कापायचं ऑपरेशन केलं, १९९० च्या दशकात तेच दुर्बिणीने पोटाला चार-पाच भोकं पाडून व्हायला लागलं. दुसरा मार्ग फुग्याचा, तोंडातून फुगा नेऊन झडपेपाशी जोरात फुगवायचा आणि स्नायू ताणून फाडायचा, पण तो पुष्कळदा परत परत करावा लागतो.

आणि तिसरा मार्ग म्हणजे पोएम, तोंडातून दुर्बीण नेऊन तोच स्नायू आतून कापायचं ऑपरेशन. जपानमध्ये योकोहामाला डॉ. हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलं आणि २०१० मध्ये सुरुवातीच्या १७ पेशंटचा अहवाल छापला. म्हणजे आमच्या आईला त्रास सुरू व्हायच्या आधी ही गोष्ट जगात होती, आपल्या देशातही ती वर्षानुवर्षं होतेय, हैदराबादमध्ये तर हे काम फार मोठ्या प्रमाणावर चालतं. फक्त बार्शीच्या आमच्या घरापर्यंत तिचं नाव पोचलं नव्हतं.

आईचा पहिला प्रश्न, "पोट फाडणार का?"

डॉक्टर म्हणाले, "पोटावर ओरखडासुद्धा नाही."

"मग आत जाणार कुठनं?"

"जिथनं घास जातो तिथनंच."

आई गप्प बसली आणि मग म्हणाली, "घास तर जात नाही, तुमची नळी कशी जाईल?" आणि हा प्रश्न खरंच बरोबर होता. कारण यातली सगळी गंमत अशी आहे की ते झडपेतून जबरदस्तीने जातच नाहीत, भिंतीच्या आतून जातात. अन्ननलिकेच्या भिंतीला थर असतात, आतलं नाजूक अस्तर, त्याच्या खाली एक सैल जाळीदार थर आणि त्याच्या खाली स्नायू. तोंडातून दुर्बीण घालायची, अस्तराखाली सुईने निळा रंग मिसळलेलं सलाइन टोचायचं की तिथे फुगवटा येतो, त्यावर साधारण दोन सेंटिमीटरची चीर द्यायची आणि दुर्बीण त्या चिरेतून अस्तराच्या खाली घुसवायची. मग तो सैल थर कापत कापत खाली बोगदा करायचा, झडपेच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर जठरात जाईपर्यंत, आणि मग आडवा गोल स्नायू कापायचा. बाहेर आलं की वरच्या चिरेला छोट्या धातूच्या क्लिपा लावून दार बंद. आतलं अस्तर शाबूत, बाहेरची कातडी शाबूत, फक्त मधला स्नायू सुटलेला. डॉक्टर लोक याला तिसऱ्या जागेतली एन्डोस्कोपी म्हणतात, पहिली जागा म्हणजे नळीची पोकळी, दुसरी पोटाची पोकळी, आणि ही तिसरी, भिंतीतली, जिथे जागा नव्हतीच तिथे करून घेतलेली.

ऑपरेशननंतर त्यांनी मला त्यातलं चार-पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग दाखवलं. मी आधी घाबरत होते, पण बघायला लागल्यावर नजर हलेना. तो सैल थर म्हणजे कापूस पिंजून निळीच्या पाण्यात बुडवून काढावा तसा, निळसर, तंतूतंतूंचा, मधून एखादी लाल रक्तवाहिनी ताणलेल्या दोऱ्यासारखी. दुर्बिणीच्या टोकातून एक टाचणीएवढी सुरी बाहेर येते, ती टेकली की एक तंतू तुटतो, परत टेकली की दुसरा. रक्तवाहिनी दिसली की थांबायचं, आधी ती चिमट्यात धरून जाळायची आणि मग पुढे. एका ठिकाणी डॉक्टर थांबले आणि स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे बघा, हा स्नायू." पांढरट गुलाबी आडव्या दोऱ्या, एकमेकींना चिकटून, आवळलेल्या. एवढ्याशा पट्टीने माझ्या आईचं १४ किलो वजन घेतलं होतं. सुरी टेकली तशा त्या दोन्ही बाजूंना सरकत गेल्या.

पूर्ण भूल दिली होती, दीड तासात बाहेर आणलं. आत हवा न भरता कार्बन डायऑक्साइड भरतात, तो शरीर लवकर शोषून घेतं म्हणून पोट फुगून दुखत नाही, हे तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी औषध पाजून एक्सरे काढला, कुठे गळती नाही ना बघायला, आणि मग आईला चमच्याने पाणी दिलं. तिने गिळलं आणि सवयीने हात वर नेले. अर्ध्यातून खाली आणले. माझ्याकडे बघितलं पण काही बोलली नाही.

आता सगळं गोडगोड लिहायचं नाहीये मला. २०१९ मध्ये दोन मोठे अभ्यास छापून आले, एकात फुगा आणि पोएम यांची तुलना होती, दोन वर्षांनी पोएमवाल्यांपैकी ९२ टक्के लोक ठीक होते आणि फुगावाल्यांपैकी ५४ टक्के. दुसऱ्यात भोकं पाडून केलेलं ऑपरेशन आणि पोएम यांची तुलना, तिथे दोन्ही जवळजवळ सारखे, ८१.७ आणि ८३ टक्के. पण पोएममध्ये झडप सैल केली जाते आणि वर तिला आधार द्यायला जठराची घडी शिवत नाहीत, त्यामुळे आम्ल वर येण्याचं प्रमाण जास्त. त्याच अभ्यासात दोन वर्षांनी पोएम झालेल्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या अन्ननलिकेत आम्लाने झालेली सूज दिसली, ऑपरेशनवाल्यांमध्ये २९ टक्के. म्हणजे अॅसिडिटीची जी गोळी आईला दीड वर्ष चुकीने दिली ती आता बरोबर कारणासाठी घ्यावी लागते, रोज सकाळी चहाच्या आधी. आणि मेलेल्या नसा काही परत येत नाहीत, नळी अजूनही घास ढकलत नाही, घास आपल्या वजनाने उतरतो. म्हणून जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, रात्रीचं जेवण सातच्या आत, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. हे कोणी आधी स्पष्ट सांगत असेल तर त्याच डॉक्टरकडे जावं असं माझं मत झालंय.

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर पाच दिवस काढले तेव्हा आजूबाजूला काय काय बघितलं. शेजारच्या कॉटवर एक आजोबा, डोळे हळदीसारखे पिवळे, पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाला छोटी चीर देऊन खडा काढला, ईआरसीपी म्हणतात त्याला. तिसऱ्या दिवशी ते मुलाकडे चहा मागत होते. हेही काही साधं काम नाही, नंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते म्हणून तपासण्या चालू होत्या त्यांच्या. मोठा खडा असेल तर आता त्या पित्ताच्या नळीतसुद्धा अगदी बारीक दुर्बीण जाते आणि आत लेझरने खडा फोडते. मुंबईच्या डॉ. अमित मायदेव यांचं या क्षेत्रात मोठं नाव आहे, २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हैदराबादच्या डॉ. नागेश्वर रेड्डींना तर २०२५ मध्ये पद्मविभूषण. पोटाच्या दुर्बिणीत आपली माणसं कुठवर पोचलीत हे मला माहीतच नव्हतं.

आणि एक लातूरकडचा पोरगा होता, एकोणीस-वीसचा, वारंवार रक्त कमी व्हायचं पण वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. मधलं लहान आतडं कित्येक फूट लांब, तिथे साधी दुर्बीण पोचतच नाही. त्याला कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली होती, साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा. ती आठेक तास सेकंदाला दोन फोटो काढत आतड्यातून फिरते आणि आपोआप पडून जाते. ही कल्पना गॅव्हरिएल इदान नावाच्या इस्रायली इंजिनियरची, जो क्षेपणास्त्रांच्या टोकाला बसवायच्या कॅमेऱ्यांवर काम करायचा. त्या लातूरच्या पोराच्या आईला हे सांगितल्यावर ती माउली म्हणाली, "म्हणजे आता पोरगं पोटातल्या पोटात फोटो स्टुडिओ घेऊन हिंडतंय." आमच्या आईला त्या बाईचं फार कौतुक.

रात्री आईला झोप लागली की मी खुर्चीत बसून हेच वाचत बसायचे. १८६८ मध्ये जर्मनीतल्या कुसमाउल नावाच्या डॉक्टरने तलवार गिळणाऱ्या माणसाला बोलावून त्याच्या घशातून सरळ कडक नळी घातली होती, कारण तशी नळी दुसऱ्या कोणाला सहनच झाली नसती. पूर्ण वाकणारी नळी यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षं लागली आणि त्यात आपल्या पंजाबातल्या मोग्याचा माणूस आहे, नरिंदरसिंग कपानी. लंडनला हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी केसासारख्या काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं, १९५४ मध्ये ते छापून आलं. ते वाचून अमेरिकेत हिर्शोविट्झ नावाच्या डॉक्टरने काचतंतूंची लवचिक दुर्बीण बनवायला घेतली आणि १९५७ मध्ये ती तयार झाल्यावर पेशंटच्या आधी स्वतःच्या घशात घातली. १९८० च्या दशकात टोकालाच कॅमेऱ्याची चिप बसली आणि एका डोळ्याने नळीत बघायच्या जागी सगळ्यांनी मिळून पडद्यावर बघायला सुरुवात झाली. हे सगळं मला कोणी शाळेत सांगितलं असतं तर!

आईचं झालं आणि मग माझं.

मला सात-आठ महिन्यांपासून अधूनमधून शौचातून रक्त पडत होतं. मी ४६ वर्षांची. मूळव्याध असेल म्हणून मेडिकलमधून मलम आणलं होतं, इसबगोल चालू केलं होतं, आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे आईने जे केलं तेच मी करत होते, फक्त तिच्याकडे पित्त हा शब्द होता आणि माझ्याकडे मूळव्याध. आईच्या फॉलोअपला गेलो तेव्हा तिच्यासमोरच डॉक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले मूळव्याध असेलही, पण बघितल्याशिवाय म्हणायचं नाही.

कोलोनोस्कोपीचं सगळ्यात अवघड काय असेल तर आदल्या दिवशीची तयारी. दोन दिवस आधीपासून पालेभाज्या, बिया, टोमॅटो, शेंगदाणे बंद, आदल्या दिवशी फक्त पातळ, त्यातही लाल-जांभळं काही नाही कारण आतमध्ये ते रक्तासारखं दिसतं. मग दोन लिटर पाण्यात पावडर कालवून, अर्धी रात्री आणि अर्धी पहाटे. चव खारट-गोड, लिंबाच्या वासाची, पहिले दोन ग्लास जातात आणि तिसऱ्याला मन घेत नाही. थंड करून स्ट्रॉने प्या, मधे मधे नारळपाणी घ्या, आणि मोबाईल चार्ज करून ठेवा. पण पावडर पूर्ण संपवा, हे मी हात जोडून सांगते, कारण आतडं स्वच्छ नसेल तर कितीही भारी मशीन असलं तरी काही दिसत नाही आणि परत सगळं करावं लागतं.

मी हलकी गुंगी घेतली होती, त्यामुळे मला पडदा दिसत होता. आतडं आतून गुलाबी, ओलं, चकाकतं आणि त्रिकोणी घड्यांचं असतं, एकामागे एक कमानी असाव्यात तसं. दुर्बीण आधी शेवटपर्यंत नेतात आणि खरं बघणं परत येताना, किमान सहा मिनिटं तरी घ्यायची असा नियम आहे. येताना एका घडीपाशी पडद्यावर अचानक हिरवा चौकोन आला आणि बारीक आवाज झाला. डॉक्टर थांबले, घडी बाजूला केली, मागे देठावर उभा असलेला लालसर कोंब, छोट्या बोराएवढा. त्यांनी एक बटण दाबलं तसं सगळं चित्र हिरवट-तपकिरी झालं, ठराविक निळा आणि हिरवा प्रकाश तेवढाच सोडतात, रक्त तो शोषून घेतं म्हणून बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात, आणि त्या जाळीच्या नक्षीवरून हा कोंब कुठल्या जातीचा ते तिथल्या तिथे बरंचसं कळतं. मग तारेचा फास देठात अडकवला, आवळला, करंट दिला. संपलं. मला दुखलं नाही. १२ मिलिमीटरचा पॉलिप, बायोप्सीत कॅन्सर नाही, पण तिथेच राहिला असता तर पुढे होण्याच्या वाटेवरचा.

तो हिरवा चौकोन म्हणजे एआय. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रणेला २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आता आपल्याकडे मोठ्या शहरांत दिसायला लागलीय. मी डॉक्टरांना नंतर विचारलं, मशीनने दाखवला नसता तर तुम्हाला दिसला असता का. ते म्हणाले हा दिसला असता, पण दिवसातल्या चौदाव्या पेशंटला, संध्याकाळी पाच वाजता, घडीमागचा चार मिलिमीटरचा चपटा पॉलिप असेल तर मी शपथेवर सांगू शकत नाही. या कामात कोणता डॉक्टर किती जणांमध्ये पॉलिप शोधून काढतो याची टक्केवारी मोजतात, आणि २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं की ती टक्केवारी १ ने वाढली की पुढे कॅन्सर होण्याचा धोका ३ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे बघणाऱ्याची नजर हेच औषध.

आणि म्हणूनच मला पोलंडमधला २०२५ चा अभ्यास वाचून काळजी वाटली. तिथल्या डॉक्टरांना एआयची सवय लागल्यावर, जेव्हा ते एआय न लावता तपासणी करत तेव्हा त्यांचं स्वतःचं शोधण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. एकाच अभ्यासावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य. पण चौकोन येईल म्हणून वाट बघणारी नजर वेगळी आणि स्वतः शोधणारी वेगळी, हे मला पटतं. आईची पहिली दुर्बीण झाली तेव्हाही कॅमेरा होताच की, उत्तम दिसत होतं सगळं, हाताला लागलेला तो थोडासा जोर कोणी मनावर घेतला नाही. आणि त्याच्याही आधी स्वयंपाकघरात आम्ही.

आईचं वजन आता ५३ आहे. वहिनीने एक नियम केलाय की दोन्ही वेळेला आई सगळ्यांच्या पंगतीत बसणार, मग भाकऱ्या थोड्या गार झाल्या तरी चालतील. आईला सुरुवातीला ते फार अवघड गेलं, दोनदा उठून गेली. आता बसते.

माझा पॉलिप १० मिलिमीटरपेक्षा मोठा निघाला म्हणून मला तीन वर्षांनी परत बोलावलंय, आणि सख्ख्या भावंडांनी पण तपासून घ्यावं असं लिहून दिलंय. दादा ५१ चा. महिनाभर नाही नाही चाललं होतं, आमच्या बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी गावोगाव होते, ग्रामीण भागातली देशातली पहिली, त्यामुळे दुर्बीण म्हणलं की लोकांच्या मनात थेट तोच एक शब्द येतो आणि माणूस तपासणीलाच घाबरतो. मी समजावून थकले, वहिनी थकली. शेवटी रविवारी जेवताना आई म्हणाली, "मी एवढी सत्तरीची बाई नळी गिळून आले, तुला काय झालंय?" दादा काही बोलला नाही, पण संध्याकाळी त्यानेच मला फोन करून विचारलं की पावडर नक्की किती पाण्यात कालवायची. मंगळवारची वेळ घेतलीय, सकाळी साडेनऊची. वहिनी म्हणाली पाकीट फ्रिजवर ठेवलंय आणि बिया नसलेला आमटी-भात आजपासूनच चालू केलाय.